वाजणारी कातडी

माझ्या बाबांना माणूस हातावरून जोखायची खोड आहे. नवं माणूस घरी आलं की ते आधी त्याचा हात हातात घेणार, अंगठ्याने तळवा चाचपणार आणि मगच बसा म्हणणार. हात खरखरीत लागला तर आतल्या बाजूला बघून म्हणतात, "चहा टाक गं." मऊ लागला तर म्हणतात, "पाणी दे." मी त्यांची धाकटी मुलगी, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि मला जन्मभर चहा मिळत आलाय. माझे हात म्हणजे किसणी आहे नुसती. वहिनी लग्न होऊन आली त्या दिवशी तिला पाणी मिळालं.

वहिनी शिवणकाम करते. रेशमी कपड्यांना अस्तर लावायचं काम तिच्याकडे येतं, कारण तिच्या हाताला रेशीम अडकत नाही. माझ्या हाताला सुतीसुद्धा अडकतं. बाबांना त्याचं कौतुक शून्य. "कामाचे हात असे असतात होय?" असं ते तिच्यादेखत म्हणायचे. वहिनी खाली मान घालून दोरा तोडायची आणि मला बाबांचा राग यायचा. मला तसा राग लवकरच येतो.

आमचा साबणाचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द बाबांचा. प्रत्यक्षात घरामागे एक लांबट शेड आहे, तिच्यात मोठी कढई, लाकडी साचे, वड्या कापायचं तारेचं टेबल आणि भिंतीभर फळ्या, ज्यांवर वड्या सुकत पडलेल्या असतात. तेल आणि कॉस्टिक सोडा बाबा मिसळतात, वड्या मी कापते, माझा मोठा भाऊ गाडीतून माल पोचवतो. वहिनीला शेडमध्ये मज्जाव नव्हता, पण कोणी बोलावतही नव्हतं. त्या कामातलं तिला काय कळणार, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं.

आमचा साबण बाजारात चालतो तो एका गोष्टीवर. तो वाजतो. प्रत्येक साच्यातली पहिली वडी बाबा स्वतः तपासतात. मनगट ओलं करायचं, वडी फिरवायची, धुवायचं आणि अंगठा दाबून मनगटावरून ओढायचा. 'चुईं' असा आवाज आला की माल पास. नाही आला तर कातडीवर तेल राहिलं, म्हणजे माल कच्चा, अख्खा साचा परत कढईत. घरात आम्हीही असेच पास व्हायचो. लहानपणी आंघोळ झाली की बाबा माझ्या आणि दादाच्या पाठीवर अंगठा ओढायचे. वाजली नाही तर पुन्हा पाण्यात.

दादाच्या मुलीला मी भिंगरी म्हणते, कारण ती एका जागी ठरत नाही. चार वर्षांची आहे. ती पाळण्यात होती तेव्हापासून तिची संध्याकाळची आंघोळ बाबांकडे. शेड बंद करायची, बाह्या वर करायच्या, बादली भरायची आणि तास तासभर नातीशी गप्पा मारत बसायचं. पाठ दोनदा वाजवायची. आई गेल्यापासून बाबा मोकळं हसतात ते त्याच वेळी. म्हणून पुढे जे झालं ते अवघड झालं.

भिंगरीच्या अंगाला खाज सुटायची. आधी कोपराच्या खोबणीत, मग गुडघ्यांच्या मागे, मग गळ्याभोवती. कातडी लाल व्हायची, खाजवून खाजवून ओली व्हायची, वाळली की तडकायची. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसायचे. वहिनी तिची नखं कापायची, हातात मोजे चढवून झोपवायची आणि स्वतः बसून राहायची. पोर चिडचिडी झाली होती. भिंगरी बसू लागली, म्हणजे बघा.

बाबांनी निकाल केव्हाच दिला होता. "पोटातून येतंय. आई काय खायला घालते ते बघा." वहिनीने आधी दूध बंद केलं. मग अंडी. मग गहू. मग दाणे. बाबांचं दुसरं औषध म्हणजे जास्त घासून धुणं. अंगावर काही उठलं की ते घाणीमुळे, आणि घाणीला साबण. म्हणजे एकीकडून पोरीचं ताट रिकामं होत चाललेलं आणि दुसरीकडून कातडी सोलून निघत होती. दादा बाबांसमोर बाबांना हो म्हणायचा आणि बायकोसमोर बायकोला. अशा माणसाचं काय करायचं, ते मला अजून समजलेलं नाही.

एक दिवस वहिनीने मला शेडच्या दारात गाठलं. "मी हिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेतेय," ती म्हणाली. "तुम्ही येणार का? एकटीने गेले तर घरी माझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही." मी एप्रन काढला आणि निघाले.

डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी भिंगरीचे कोपर बघितले, गुडघे बघितले, पायाची खरखरीत नडगी बघितली. मग तिच्या हाताचा मोजा काढून तळहात उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता या भविष्य सांगणार की काय.

"एवढ्याशा हातावर केवढ्या रेषा," त्या म्हणाल्या. "घरात कोणाकोणाच्या हातावर अशा आहेत?"

वहिनीने हात पुढे केला. तिचा तळवा गुळगुळीत, मोजक्या रेषांचा. मी गंमत म्हणून माझा पुढे केला. आडव्या, उभ्या, तिरक्या, रेषांचं नुसतं जाळं. डॉक्टरीणबाईंनी माझा आणि भिंगरीचा हात शेजारी शेजारी ठेवला.

"माझ्या कामाने पडल्यात," मी म्हणाले. "साबणाचं काम आहे आमचं. बाबांच्या हातावर तर याहून जास्त आहेत. दादाच्याही आहेत."

"आणि ही कुठल्या कारखान्यात जाते?" त्यांनी भिंगरीकडे बोट दाखवलं.

मी माझा हात मागे घेतला.

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. कातडीचा सगळ्यात वरचा पातळ थर आतलं पाणी आत धरतो आणि बाहेरचं, म्हणजे धूळ, जंतू, साबण, बाहेर ठेवतो. तो थर घट्ट राहायला शरीर एक प्रथिन बनवतं. काही घराण्यांत ते जन्मतःच कमी बनतं. अशांची कातडी कोरडी राहते, तळहातावर रेषा जास्त दिसतात. कोणाचं तेवढ्यावरच निभावतं, कोणाला इसब होतो. पाणी बाहेर झिरपतं, बाहेरचं आत शिरतं, आत गेलं की शरीर चिडतं, खाज सुटते, आणि खाजवलं की थर आणखी फाटतो.

"म्हणजे माझ्या खाऊ घालण्याने नाही?" वहिनीने विचारलं. आवाज इतका लहान होता की मलाच भरून आलं.

"नाही. तपासण्या करून घेऊ, पण मला नाही वाटत. वजन कमी झालंय तिचं, ते मला जास्त टोचतंय." पुढच्या खेपेला तपासण्यांत काहीच निघालं नाही आणि दूध, अंडी, सगळं परत सुरू झालं. पण त्या दिवशी नुसतं 'नाही' ऐकून वहिनी खुर्चीत मागे टेकली. तिला पाठ टेकून बसलेलं मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"आंघोळ कशाने घालता?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, अगदी पाठ वाजवण्यापर्यंत. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"साबण वाईट आहे असं मी म्हणत नाही. भांडी निघत असतील लख्ख. पण कातडी किंचित आंबट असते, साबण तिच्या उलट. हिच्याकडे आधीच तुटपुंजं आहे, ते वाजेपर्यंत धुतलं तर उरणार काय? कोमट पाणी, थोडा वेळ, साबण अजिबात नाही. अंग टिपायचं, पुसायचं नाही. आणि ओलसर असतानाच हे मलम भरपूर लावायचं, रोज, बरं वाटलं तरी. लाल जागांवर हे दुसरं औषध, मी सांगते तेवढेच दिवस."

घरी आलो तर बाबा बादली भरून तयार. मी मध्ये उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. बाबा शांतपणे म्हणाले, "चार पिढ्या साबणावर वाढल्या या घरात. कोणाला काही झालं नाही."

"हात दाखवा."

त्यांनी दाखवला. मी भिंगरीला उचलून तिचा तळवा त्यांच्या तळव्याशेजारी धरला.

"या कामाने पडल्यात," बाबा म्हणाले.

"मग हिच्या?"

ते बघत राहिले. एकदा तिचा हात, एकदा स्वतःचा. मग बाह्या खाली केल्या आणि शेडमध्ये गेले. जेवायलाही आले नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "म्हणजे रक्तच माझं खराब, असंच ना?" मी म्हणाले, रक्ताचा प्रश्न नाही, कातडीचा आहे. त्याने काही त्यांचं समाधान झालं नाही.

पुढचे काही दिवस आंघोळ वहिनीने घातली. बाबा शेडचं दार लोटून काहीतरी खटपट करत होते. मला वाटलं, रुसलेत. रुसले नव्हते. साबणवाल्याला दुखणं दिसलं की त्याला सुचणार काय? साबणच. त्यांनी नातीसाठी वेगळा साचा लावला होता. तेल जास्त, कॉस्टिक कमी, वास नाही, रंग नाही. वडी दिसायला लोण्यासारखी.

वहिनी शिवलेले कपडे द्यायला गेलेली, मी वड्या कापत बसलेली, तेवढ्यात त्यांनी भिंगरीला न्हाणीत नेलं. बाहेर आले ते खुशीत. "वाजली," मला म्हणाले. "आणि मऊही लागतेय. तुझ्या डॉक्टरीणबाईला सांग."

सकाळपर्यंत पोरीचा गळा आणि गुडघे परत लालभडक होऊन पाझरायला लागले होते. आठवडाभरात जे थोडं भरून आलं होतं ते सगळं गेलं. चादर अंगाला चिकटली होती, ती पाण्याने भिजवून सोडवावी लागली. भिंगरी ओरडत होती आणि वहिनी चादर भिजवत होती. ते झाल्यावर तिने पलंगाखालून बॅग ओढली आणि कपडे भरायला लागली.

"मी हिला माझ्या आईकडे नेते," ती दादाला म्हणाली. "तिथे निदान कोणी वाजवून बघणार नाही."

दादाने मान हलवली. कोणत्या बाजूला, ते त्यालाच माहीत. मी शेडमध्ये गेले आणि तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एवढं आठवतं: "तुम्हाला साबण सोडवत नाही ना बाबा, मग नात सोडा. ती निघालीय. बॅग भरून झालीय."

बाबा कढईच्या काठावर हात टेकून उभे होते. "मग मी करू काय?" ते म्हणाले. "मला दुसरं येतं काय?"

मी तोंड उघडलं, पण ते बोलतच राहिले.

"माझी आई माझे हात फडक्याने बांधून मला झोपवायची," ते म्हणाले. "भिंगरीएवढा असताना. मी कधी कोणाला बोललो नाही. मला वाटायचं, सगळ्यांनाच खाजतं. बाकीचे सहन करतात, मलाच जमत नाही." त्यांनी तळहात उघडून धरला होता. भेगा मी रोज बघते, पण त्या दुखत असतील, असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. माझ्याही दुखतात. आमच्या घरात ते बोलायची रीतच नव्हती.

"येत नाही तर शिका," मी म्हणाले. माझ्या परीने मी ते मायेने म्हणाले.

वहिनी दारात चपला घालत होती. बाबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. माफी वगैरे मागायचा त्यांचा स्वभाव नाही. म्हणाले, "ती बाई काय म्हणाली, पहिल्यापासून सांग."

"ऐकायचं असेल तर बसून ऐका," वहिनी म्हणाली. आणि बाबा उंबऱ्यावर बसले. सूनबाईने सासऱ्याला उभ्याने शिकवलं, सासऱ्याने बसून ऐकलं. दादा खांबाआडून बघत होता.

शेवटी वहिनी म्हणाली, "डॉक्टरांनी परत बोलावलंय तोपर्यंत राहते. बॅग उघडणार नाही." बॅग भरलेली तशीच पलंगाखाली गेली. केर काढताना रोज माझी केरसुणी तिला लागायची.

आंघोळ परत बाबांकडे आली, ती वहिनीच्या अटींवर. कोमट पाणी. बाबा ते कोपर बुडवून बघायचे. थोडाच वेळ. साबण नाही. पहिल्या दिवशी त्यांचा उजवा हात सारखा कोनाड्याकडे जायचा, वडी असायची तिथे, आणि रिकामा परत यायचा. माणूस हात कुठे ठेवावा ते न कळून बसला होता. मग अंग टिपायचं आणि मलम. मलम गार असायचं, भिंगरी अंगाला लावून घ्यायला तयार नाही, घरभर पळायची. बाबा तिला पकडून आणायचे नाहीत. मलमाचा गोळा दोन्ही तळव्यांत धरून बसायचे आणि ऊब आली की हाक मारायचे. मग ती आपणहून यायची.

"अर्धं माझेच हात पितात," बाबा एकदा कुरकुरले.

"मग तुम्हालापण लावू," भिंगरी म्हणाली आणि डब्यात बोटं घातली.

"ग्रीस यंत्राला लावतात. मी काय यंत्र आहे?"

"आजोबा, हलू नका. चोळायचं नसतं. टेकवायचं आणि खाली खाली न्यायचं." वहिनीचा सूर जशाच्या तसा. बाबांनी हात पुढे धरला. भेगांना लागलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, पण हात मागे घेतला नाही. त्यानंतर रोज दोघांची पाळी ठरलेली, आधी नात, मग आजोबा. मी दारातून बघायची आणि नंतर हळूच डब्यातलं थोडं घेऊन माझ्या खोलीत जायची. मला कोणी लावून देणार नव्हतं, पण लावायला कोणाची परवानगीही नको होती.

पोरीचा गळा आधी निवळला. मग कोपर. गुडघ्यांनी वेळ घेतला, मध्ये एकदा परत उसळले, बाबांचा चेहरा उतरला, पण वहिनीनेच त्यांना सांगितलं की असं होतं, थांबायचं नाही. भिंगरी रात्रभर झोपायला लागली, वहिनीही झोपायला लागली, आणि एका सकाळी भिंगरी अंगणात स्वतःभोवती गरगर फिरत होती. चक्कर येऊन पडली, उठली, परत फिरायला लागली. मी वड्या कापायच्या सोडून बघत बसले. डोळ्यांतून पाणी आलं. कॉस्टिकमुळे आलं, असं मी दादाला सांगितलं.

डॉक्टरीणबाईंकडे या वेळी बाबा स्वतः आले. "हे पूर्ण जाणार नाही," बाई म्हणाल्या. "कातडी तिची हीच राहणार. पण अशी राखलीत तर ताब्यात राहील. मोठेपणी बऱ्याच मुलांचं कमीही होतं." मग त्यांनी बाबांचा तळहात बघितला. "वारसा इथून आला तर."

"हो," बाबा म्हणाले. "कारखान्यासकट."

त्यानंतर एकदा केर काढताना माझी केरसुणी पलंगाखालून सरळ पलीकडे गेली. वाकून बघितलं. बॅग नव्हती. मी केर काढत पुढे गेले.

आणि मग ती साच्याची गोष्ट. नवा माल निघाला होता. बाबांनी मनगट ओलं केलं, वडी फिरवली, धुतलं, अंगठा ओढला. आवाज नाही. पुन्हा ओढला. नाही. "कच्चा आहे," ते म्हणाले. "टाक परत कढईत."

"थांबा," मी म्हणाले. वडीचा कस मला तारेवर कळतो, माल कच्चा नव्हता. मी माझ्या मनगटावर बघितलं. माझाही वाजेना. बाबांनी माझा हात धरला, उलटा केला, नाकाशी नेला.

"तूपण मलम लावतेस होय?"

"मग काय तुम्हीच लावायचं?"

आम्ही दोघं मनगटं ओली करून उभे. दादाला बोलवायचं म्हटलं तर त्याच्याही तळव्यावर तेच जाळं आणि तोही हल्ली डब्यात बोट घालून जातो. बाबांनी थोडा विचार केला. मग शेडच्या दाराशी गेले आणि घराकडे तोंड करून हाक मारली. वहिनीच्या नावाने. आजवर ते तिला 'अगं' म्हणायचे.

वहिनी हातातलं शिवण तसंच घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली.

"आत ये," बाबा म्हणाले. "माल बघायचाय. आमच्या कोणाच्या हाताला समजेना झालंय. घरात धड कातडीचं माणूस तू एकटीच आहेस."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी फळीवर तिच्या शिवणाला जागा केली. तिने शिवण फळीवर ठेवलं, बाबांनी दाखवलं तसं मनगट ओलं केलं, वडी फिरवली, धुतलं आणि अंगठा ओढला. चुईं. शेडभर ऐकू आलं.

"वाजतोय," ती म्हणाली. तिने मनगटाकडे नीट बघितलं. "पण ओढतोय फार. भांड्यांना चालेल. अंगाला लावू नये कोणी."

असं बोलायची आमच्या शेडमध्ये कोणाची टाप नव्हती. मी बाबांकडे बघितलं. बाबा साच्याकडे बघत होते. "मग भांड्यांचा म्हणून विकू," ते म्हणाले. "अंगाचा दुसरा करू. तू सांग किती ओढला तर फार."

मग त्यांनी सवयीने तिचा हात हातात घेतला आणि अंगठ्याने तळवा चाचपला. गुळगुळीत, मोजक्या रेषांचा. बराच वेळ धरून होते.

"चहा टाक गं," ते मला म्हणाले. "हिला."